नित्या, तुझा हात ठीक होता

नित्या, परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी वंदना घेऊन गेले, जेवणं उरकली, मंडपवाला खुर्च्या उचलायला आला, आणि तेवढ्यात तुझ्या आईने कुणाच्या तरी मोबाईलवरून स्पीकरवर आपलं गाणं लावायला लावलं. ‘शटर अर्धं उघडं’. निम्मे लोक चपला घालत होते, ते तसेच उभे राहिले. माईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, “गप बसा जरा. आता येतोय माझा नित्या.”

पहिलं कडवं संपलं, माझा आवाज थांबला आणि गिटारची ती जागा आली. सगळ्या भिवंडीला तोंडपाठ असलेली जागा. रिक्षावाल्यांच्या मोबाईलची रिंगटोन झालेली. माई डोळे मिटून ऐकत होत्या, बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि मी, जी हे गाणं गायली ती वैशाली, हातातल्या रिकाम्या पत्रावळीकडे बघत बसले होते. तुझ्या फोटोकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

कारण ती जागा तू वाजवलेलीच नाहीस. बारा वर्षं हे मला माहीत होतं. तुला नव्हतं. लिहून टाकलं एकदाचं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तू ऐकायला होतास तोवर माझी जीभ उचलली नाही, आणि आता तुझ्या फोटोला हार चढल्यावर मी शहाणी होऊन बोलायला बसलेय.

आज शुक्रवार आहे. निजामपुऱ्यातले लूम बंद आहेत. आठवड्याचे सहा दिवस या गल्लीत खटखट एवढी, की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, आणि शुक्रवारी अचानक माणसाला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो. म्हणून आपण शुक्रवारी जमायचो. तुझे वडील जॉबर, बिघडलेला लूम हाताने समजावल्यासारखा दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या शेठने लूमच्या कारखान्याचा, खात्याच्या वरचा माळा आपल्याला वापरायला दिला होता. सुताचा भुगा झटकून बसायचं. बँडचं नावही त्यामुळेच पडलं, ‘शुक्रवार सुट्टी’. दिघाशीहून मी यायची, आईला शिवणाच्या क्लासला जाते सांगून. फारूक गल्लीतलाच, तो कीबोर्ड पोटाशी धरून जिना चढायचा. आणि तू वर यायच्या आधी कोपऱ्यावर थांबायचास, डीपीपाशी.

लोकांना सांगितलं तर हसतील. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या ट्रान्सफॉर्मरची ती गंजकी डीपी, कुंपणावर ‘धोका’ लिहिलेलं, आणि तू त्या कुंपणाला पाठ टेकून, गिटारच्या लाकडाला कान लावून तिसरी तार पिळत उभा. शुक्रवारी लूम थांबले की डीपीची घूंघूं साफ ऐकू यायची. त्या घूंघूंला तुझी तिसरी तार मिळायची आणि तिला बाकीच्या पाच. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणालास, “वैशे, ही बघ चोवीस तास एकच सूर धरून उभी हाय. थकत नाय, रुसत नाय. तुझ्यासारखी नाय.” मी तुला चप्पल दाखवली होती.

फारूकच्या कीबोर्डचा सूर तुझ्यापेक्षा किंचित खाली असायचा. तो वैतागायचा. “यार, तेरी डीपी दुनिया से थोडी ऊपर है.” तू म्हणायचास, “तो दुनिया को बोल, ऊपर आ.” शेवटी तोच बटण दाबून कीबोर्ड तेवढा वर घ्यायचा. मला काही फरक पडायचा नाही. माझी आई गावात हळदीला धवले गायची, तिला कुठली पट्टी नि कुठलं काय. गळा जिथून निघेल तिथून गाणं. तुझ्या डीपीच्या सुरात गाताना मला घरच्यासारखं वाटायचं. तेव्हा मला हे कळत नव्हतं. आता कळतं, कारण त्यानंतर तसं कधीच वाटलं नाही.

हळदीला वाजवायचो आपण. डोंगाळी, पडघा, खारबाव, कुठे कुठे. लोकांना डीजे हवा असायचा आणि आपण मांडवात उभे, तीन माणसं आणि एक भाड्याचा ढोलवाला. एकदा नवऱ्याचा मामा तुझ्यासमोर येऊन बोलला, “पोरा, ती पेटी ठेव नि नाच.” तू गिटार गळ्यात ठेवून नाचलास. नाचता नाचता वाजवलंस. त्या मांडवात ‘शटर’ची ती धून पहिल्यांदा तुझ्या हातातून आली, ठरवून नाही, मामाची जिरवायला. मी तिथे होते. ती धून तुझी आहे, हे मी कुठल्याही कोर्टात छातीवर हात ठेवून सांगेन. वाजवणारा हात तेवढा तुझा नाही.

मुंबईच्या कंपनीने बोलावलं तेव्हा आपण तिघं नवे कपडे घालून गेलो. फारूकने अत्तर एवढं लावलं होतं की स्टुडिओतला माणूस शिंकला. काचेच्या खोलीत तुला बसवलं, कानावर हेडफोन, त्यात टकटक टकटक. तू वाजवायला लागलास आणि रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “भाऊ, गिटार वर आहे.” त्याने तुझ्या गिटारला सूर दाखवणारा चिमटा लावला, हिरवा दिवा लागेपर्यंत तारा उतरवायला लावल्या. तू उतरवल्यास. एकदा वाजवलंस. मग चहा आला, आणि चहा पिता पिता तू मिटल्या तोंडाने घूंघूं करत सगळ्या तारा परत चढवल्यास. मुद्दाम नाही. तुझ्या बोटांना कळलंही नाही. पुन्हा चिमटा, पुन्हा हिरवा दिवा, पुन्हा जरा वेळाने तुझा कान आपला निजामपुऱ्याच्या कोपऱ्यावर. दुपार गेली त्यात. शेवटी अरेंजर, गोड बोलणारा माणूस, तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “झालं, मस्त झालं.” तू उड्या मारत जिना उतरलास.

दुसऱ्या दिवशी मला एकटीला बोलावलं, गळ्यासाठी. मी गेले तर काचेच्या खोलीत दुसराच माणूस बसलेला. केस मागे बांधलेले, मांडीवर चकचकीत गिटार. तुझं वाजवणं ऐकायचा आणि तसंच्या तसं वाजवायचा. वीस मिनिटांत झालं त्याचं. शेवटच्या सुरावर त्याने एक तार अशी ओढली की माझ्या अंगावर काटा आला. अरेंजर मला म्हणाला, “त्याला सांगू नका. धून त्याचीच आहे, आपण फक्त साफ केलीय. कळणार पण नाही त्याला. नाहीतर गाणंच राहून जाईल.”

मी म्हटलं, “बरं.”

एवढंच. कुणी माझा गळा धरला नव्हता. गाणं राहून जाईल याची भीती होती, हे खरं. पण सगळं खरं बोलायचं तर आज बोलते. मला ते आवडलं होतं, नित्या. त्या परक्या माणसाचं वाजवणं ऐकून माझ्या मनात आलं होतं की आता हे खरं रेडिओवरच्या गाण्यासारखं वाटतंय. मला लाज नाही वाटली तेव्हा. ती सवडीने आली, आणि आली ती गेलीच नाही.

गाणं आलं. पोरांनी त्याच्यावर नाचून नाचून व्हिडिओ टाकले. फारूकच्या मोबाईलच्या दुकानात तू पहिल्यांदा नीट ऐकलंस, दोन्ही कानात घालून. मी समोर उभी होते, पायाखालची फरशी मोजत. तुझा चेहरा फुलला. मग जरा आठी पडली. म्हणालास, “वैशे, माझी तार एवढी खाली कशी गेली?”

तो पहिला मोका होता. मी म्हटलं, “कंपनीवाले मशीनवर करतात ते. सगळ्यांचंच करतात.”

“आणि ती शेवटची ओढ? ती पण मशीनवर?”

“नाय,” मी म्हटलं, “ती तू वाजवलीस की. विसरलास?”

का बोलले मी असं? नुसतं ‘हो, मशीनवर’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तुला खूश करायला बोलले. तू किती खूश झालास. फारूक माझ्याकडे बघत राहिला, त्याला तिथेच समजलं होतं. तोही मूग गिळून बसला. चांगली माणसं होतो आम्ही, नित्या, तुझ्या वाईटावर कुणीच नव्हतं.

त्यानंतर तू चिमटा विकत आणलास. मला वाटलं, बरं झालं. डीपीपाशी थांबणं बंद झालं. हळदीच्या मांडवात लोक ओरडायचे, “शटर, शटर,” तू वाजवायचास आणि ते नाचायचे. कुणाला काही कमी वाटलं नाही. फक्त शेवटची ओढ आली की तुझं तोंड उतरायचं. ती तुला जमायची नाही. ती त्या माणसाची होती, त्याच्या बोटांची, त्याच्या वर्षांची. पण तुला वाटायचं ती तुझीच, एकदा आलेली आणि मग हरवलेली. “मी हे कसं वाजवलं होतं गं?” किती वेळा विचारलंस. टेम्पोत विचारलंस, माझ्या लग्नात विचारलंस, माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना विचारलंस. “माझंच हाय, मग मला परत का येत नाय?”

माई सांगतात, घरी दिवस दिवस तेच लावून बसायचास. मोबाईलवर ती जागा, मग तुझी गिटार, परत मोबाईल. त्यांना कौतुक. “एवढं नाव झालं तरी रियाज सोडला नाय.” माईंनी पण आयुष्यभर लूमच्या बाजूला बसून सुताच्या कांड्या भरल्या, त्यांचे कान अर्धे गेलेले. त्यांना मोबाईलवरचं तेवढं ठसठशीत ऐकू यायचं. तुझं वाजवणं त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही. आणि तू रोज एका परक्या माणसाच्या हाताशी स्वतःचा हात ताडून बघत होतास आणि रोज नापास होत होतास. नवीन धून एकही काढली नाहीस. मी चिडायची, “दुसरं काय तरी बसव ना.” तू म्हणायचास, “आधी हे नीट येऊ दे.”

मग गोदामात नोकरी धरलीस, सुपरवायझर म्हणून. बँड संपला. आपण भांडलो कशावरून आठवतं? मी डीजेच्या तयार ट्रॅकवर गायला लागले म्हणून. तू म्हणालास, “मागं माणूस नाय, नुसती मशीन, आणि तू पुढं उभी राहून गातेस. लाज नाय वाटत?” मी म्हटलं, “तू येतोस का वाजवायला? नाय ना? मग बोलू नको.” तू म्हणालास, “माझा हात गेला, वैशे. तुझा गळा हाय अजून.” मी फोन ठेवून दिला. आठ महिने बोलले नाही तुझ्याशी. राग तुझा नव्हता आला. ‘हात गेला’ म्हणालास ना, त्याचा आला होता, आणि तो कुणावर काढणार?

अकलोलीच्या गरम कुंडांचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. फारूकने सांगितलं, सहज, जसं काही कुणी दातांच्या डॉक्टरकडे जातो तसं. “नितीन हर इतवार अकलोली जाता है, गरम पानी में हाथ रखने.” मग पुढच्या रविवारी माहेरी आले होते तिथून रिक्षा करून आले.

तू कुंडाच्या कडेला बसला होतास. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या, कंबर धरलेले म्हातारे, आणि त्यांच्यात तू, पँट दुमडून, दोन्ही हात मनगटापर्यंत वाफाळत्या पाण्यात. चाळिशी नुकती ओलांडलेला माणूस. हात लालबुंद झाले होते. मला बघून हसलास. “ये गो दिघाशीवाली. कोणीतरी सांगितलं, शेकून शेकून नसा मोकळ्या होतात म्हणून. दीड वर्ष येतोय. फरक हाय थोडा.”

माझ्या तोंडून निघालं, “तुझ्या हाताला काय झालं नाय, मेल्या.” म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या.

“मग का येत नाय?”

तू पाण्यातले हात उलटे-सुलटे केलेस. बोटांची कातडी सुरकुतली होती. आणि मग, माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात बोललास, “कधी कधी मला वाटतं, तो मी नव्हतोच.”

नित्या, त्या क्षणी मी ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. ‘हो, तू नव्हतास, दुसरा होता, मी बघितलं, मी गप्प राहिले, मला मार.’ तू मारलं नसतंस. ओरडला असतास, कुंडातलं पाणी उडवलं असतंस, महिनाभर तोंड बघितलं नसतंस माझं. आणि मग एखाद्या शुक्रवारी गिटार घेऊन कोपऱ्यावर गेला असतास, हे मला आज जेवढं दिसतं तेवढं दुसरं काही दिसत नाही.

मी म्हटलं, “चल, चहा घेऊ.”

तू बघितलंस माझ्याकडे. हसलास. “चल.” चहा घेतला, तू माझ्या मुलीसाठी चिक्की घेऊन दिलीस, मला रिक्षात बसवलंस. ती शेवटची भेट. तुला तेव्हा समजलं होतं का? हे मी रोज विचारतेय. समजलं असेल तर तू मला सोडून दिलंस, आणि नसेल तर आपला हात वाया गेला असं समजूनच तू गेलास. दोन्हींतलं कुठलं सोसण्यासारखं आहे ते मला ठरवता येत नाही. गोदामात छातीत कळ आली, खाली बसलास, आणि हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाहीस. दोन ओळींत संपलास. तुझ्यामागे मी बोलतेय इतकी पानं.

परवाच्या कार्यक्रमानंतर फारूकने मला बाजूला घेतलं. जुन्या मोबाईलमधून त्याने एक रेकॉर्डिंग काढलं होतं. माळ्यावरचं, स्टुडिओच्या आधीचं. “वैशाली, ये वो है. असली वाला.” तो रडत होता. मी घरी नेऊन ऐकलं. आधी पाय आपटल्याचा आवाज, फारूकचा खोकला, माझं हसणं. मग तू. तुझी गिटार जराशी वर, सगळ्या जगाच्या वर, आणि ती धून नाचत येते, मांडवातल्या मामाच्या नाकावर टिच्चून. शेवटी ती ओढ नाही. तिथे तू तार सोडून दिलीस आणि ती नुसती घुमत राहिलीय, डीपीसारखी. त्या पोरीला, स्टुडिओत अंगावर काटा आलेल्या मला, धरून कानाखाली द्यावीशी वाटली. किती छान वाजवायचास रे.

म्हणून आज तुझ्या घरी आले. ठरवून आले होते, माईंना सगळं सांगायचं. तुला नाही तर निदान त्यांना. आधी हे ऐकवायचं, मग सांगायचं, की हा तुमचा नित्या, आणि तो दुसरा. कोपऱ्यावर डीपीपाशी दोन मिनिटं थांबले. घूंघूं चालू होती. गल्ली गप्प होती.

माई एकट्याच होत्या. तुझी गिटार त्यांनी भिंतीला खिळ्यावर टांगलीय, चिमटा अजून तिच्या टोकाला तसाच. मी म्हटलं, “माई, एक ऐकवायचं होतं.” मोबाईल त्यांच्या कानाशी धरला, आवाज पूर्ण वाढवून. त्यांनी ऐकलं. मान एका बाजूला कलती करून, कपाळाला आठ्या घालून, अगदी शेवटपर्यंत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता ओळखतील, आता.

“कोण हाय हा?” माईंनी विचारलं.

मी मोबाईल तसाच त्यांच्या कानाशी धरून ठेवला.

“शिकाऊ दिसतोय कुणीतरी,” त्या म्हणाल्या. “नित्याचं बघून वाजवतोय. पण नाय गं. माझ्या नित्याचा हात कसा साफ होता. ह्याला ते शेवटचं पण येत नाय. नको लावू हे, वैशाली. आज नको.”

आणि त्यांनी माझ्या हातातला मोबाईल खाली केला, हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने.

मी सांगायला आले होते, नित्या. शपथ घेऊन आले होते. त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, “हो माई. दुसराच आहे कोणीतरी.”

मग त्यांनी ‘शटर’ लावायला सांगितलं. मी लावलं. माझा आवाज गायला लागला, कडवं संपलं, आणि ती जागा आली तेव्हा माईंनी माझा हात घट्ट धरला.